मागच्या खोलीतले ॲलस्डरसर

२०१५ सालच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची आमची इंग्रजीची शाळा बंद झाली. काचेच्या दारावर आतून कागद लावला होता. कागदावर चार ओळी होत्या. आम्ही नऊ विद्यार्थी बाहेर उभे होतो. ॲलस्डरसर आले. त्यांनी कागद वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या शब्दावर, काचेवरूनच, रेघ मारली.

"दुर्दैवाने," ते म्हणाले. "ज्या नोटिशीत हा शब्द असतो ती लिहिणाऱ्याचं काही गेलेलं नसतं. चला, कॉफी पिऊ."

कॉफी पिताना त्यांनी एकेकाला परीक्षा कधी आहे ते विचारलं, कोणी कुठल्या वर्गात जावं ते सांगितलं. स्वतःबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. गोऱ्या माणसाला, त्यातून इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाला, कसली अडचण असणार?

दोन आठवड्यांनी राणे अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात गेले होते. राणे आमच्या वर्गातले, मूळचे डोंबिवलीचे, गाड्या दुरुस्त करणारे. कोथिंबिरीच्या गाड्यापलीकडे त्यांना ॲलस्डरसर दिसले. जमिनीवर चादर अंथरून सर स्वतःची पुस्तकं विकत होते.

"सर, हे काय?"

"वजन कमी करतोय. विमानवाले किलोवर मोजतात."

"कुठे निघालात?"

"ते मला अजून सांगितलेलं नाही. फक्त निघा म्हणालेत."

त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं की त्यांचा व्हिसा त्या शाळेच्या नावावर होता. शाळा गेली, तशी त्यांची इथे राहण्याची परवानगीही गेली. वर्षअखेरपर्यंत पाहुणा म्हणून राहायची मुभा मिळाली होती, काम न करण्याच्या अटीवर. कायमचं राहायचं तर वय पंचावन्नच्या आत लागतं. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

राणे ते ऐकून बाजारातच हसले होते. "अहो, गोऱ्याला कोण हाकलतंय?" हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मीही थोडी हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

*

मी त्यांच्या वर्गात गेले २०१३ मध्ये. कराडला मी बालवाडीत शिकवत होते. इथे तेच करायचं तर नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी सात गुण हवेत. लिहिण्यात मला दोनदा साडेसहा मिळाले होते.

सर उंच, किंचित वाकलेले, भुवया पांढऱ्या आणि वाढलेल्या. बाराही महिने एकच हिरवा स्वेटर. त्यांचं स्कॉटिश इंग्रजी पहिले तीन आठवडे आमच्यापैकी कोणालाही कळलं नाही. आम्ही नऊच्या नऊ जण माना डोलवत होतो. चौथ्या आठवड्यात त्यांनी फळ्याकडे पाठ करून, त्याच संथ आवाजात काहीतरी सांगितलं आणि विचारलं, "कळलं?"

"यस सर."

"काय कळलं?"

मग त्यांनी तेच वाक्य शब्द सुटे करून पुन्हा म्हटलं. ते असं होतं: उद्याचा वर्ग चंद्रावर भरेल, प्रत्येकाने आपापली शिडी आणावी. राणेंनी ते वहीत उतरवायला सुरुवातही केली होती.

त्या दिवसापासून टेबलावर बिस्किटांचा डबा आला. जो "कळलं नाही" म्हणेल त्याला एक बिस्कीट. पहिल्या आठवड्यात डबा भरलेलाच राहिला. शिक्षकाला कळलं नाही असं सांगणं म्हणजे त्याला शिकवता येत नाही असं म्हणणं, असं आमच्या हाडात बसलेलं. दुसऱ्या आठवड्यात राणे तीन बिस्किटं खाऊन गेले.

त्यांना 'सर' म्हटलेलं आवडत नसे. "राणीने मला 'सर' हा किताब दिलेला नाही. ॲलस्डर म्हणा."

"बरं, ॲलस्डरसर," राणे म्हणाले. तेच नाव राहिलं.

तीस वर्षं ते देशोदेशी शिकवत फिरले होते. त्या फिरण्याबद्दल ते नेहमी हसवत. सगळ्या जगात मला एकच प्रश्न विचारतात, ते म्हणत: तुम्ही इंग्लिश का? मी नाही म्हणतो, मग लोक समजूत घालतात की असू दे, काही फरक पडत नाही. न्यूझीलंडचे लोक छान म्हणण्याऐवजी 'स्वीट ॲज' म्हणतात, तर कशासारखं गोड ते सांगतील म्हणून मी दोन वर्षं थांबलो. अजून वाक्य पुरं झालेलं नाही. इथल्या घरांबद्दल त्यांचं म्हणणं होतं, की स्कॉटलंडमध्ये थंडी बाहेर असते, ऑकलंडमध्ये ती आत राहते, आणि भाडंही देत नाही.

मग एवढं फिरून इथेच का थांबावंसं वाटलं, असं मी एकदा विचारलं होतं.

"कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते मला इथे न विचारता कळतं," ते म्हणाले. "आजवर कुठल्याच देशात मी तेवढा टिकलो नाही."

शिकवण्यात त्यांचं एकच वेड होतं. विशेषणं खोडायची. परीक्षेत गावाचं वर्णन करा म्हटलं की आम्ही सगळे लिहायचो: माझं गाव सुंदर आहे, लोक प्रेमळ आहेत. ते सुंदर खोडत, प्रेमळ खोडत, आणि समासात लिहीत: घराशेजारी काय आहे? मी लिहिलं, पिठाची गिरणी. त्यांनी पुढे लिहिलं, मग? मग मी लिहिलं की गिरणी बंद झाली की जेवायची वेळ झाली असं आई म्हणायची, आणि ज्या दिवशी वीज नसे त्या दिवशी आमचं जेवण लांबत असे. त्या कागदावर त्यांची एकही लाल रेघ नव्हती. खाली फक्त, "इथे तुम्ही राहिला आहात, हे पटलं."

*

त्यांच्या भाड्याच्या घराची मुदत शाळेबरोबरच संपत आली होती. आमचं घर माउंट रॉस्किलला, जुनं, लाकडी. मागे अंगणात एक सुटी खोली होती, तिच्यात आम्ही न उघडलेली खोकी ठेवत असू. माझे पती हेमंत यांनी ती रिकामी केली आणि सरांना फोन केला. सरांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हेमंत गाडी घेऊनच गेले.

सर भाडं देतो म्हणाले. हेमंत म्हणाले, "सर, आमच्यात असं चालत नाही."

"तुमच्यात काय चालतं?"

"तुम्ही राहायचं."

आमची मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची होती. ती आमच्याशी इंग्रजीत बोलायची, आम्ही तिच्याशी मराठीत. सर आल्यावर आठवडाभरात दुपारी शाळेतून आली की ती दप्तरासकट मागच्या खोलीत जाऊ लागली. ती त्यांना वाचून दाखवायची, ते ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "मग?" शनिवारी आम्ही आठ-नऊ जण स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसायचो. ज्याच्या घरी जे केलं असेल ते डब्यातून यायचं. सरांना थालीपीठ आवडायचं, पण हिरवी मिरची दिसली की ते ती ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवत, आणि राणे म्हणत, "सर, ही विशेषणं खोडली वाटतं?"

त्यांना काम करायची मनाई आहे हे आम्हाला माहीत होतं. पण शिकवणं हे आमच्या लेखी काम नव्हतंच. काम म्हणजे नोकरी, पगार. आपल्या घरी राहणारं वडीलधारं माणूस मुलीला जवळ घेऊन दोन गोष्टी सांगतं, त्याला काम कोण म्हणेल?

जुलैच्या अखेरीस गुरुपौर्णिमा आली. कडाक्याची थंडी होती. सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी एक हीटर आणला. राणेंनी हीटर जमिनीवर ठेवला आणि खाली वाकून सरांच्या पायांना हात लावला. सर एकदम मागे उडी मारून भिंतीला टेकले. "काय पडलं?" ते म्हणाले. इराने त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं की हे काय असतं. ते वाकून हीटरची कळ फिरवून बघू लागले. मग म्हणाले, "तीस वर्षांत मला निरोपाची घड्याळं सात मिळाली. राहण्यासाठी काही मिळालं ते हे पहिलं."

*

एकच वाट उरली होती. इमिग्रेशन खात्याला विनंतीचा अर्ज करायचा की या माणसाच्या बाबतीत अपवाद करा. अर्जासोबत ओळखणाऱ्यांची पत्रं जोडायची. वकिलाकडे जावं असं हेमंत म्हणत होते. सर म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना पत्र लिहायला शिकवतो. माझ्यासाठी पत्र लिहायला दुसरा माणूस आणू?"

पण स्वतःबद्दल लिहायची वेळ आल्यावर त्यांना लिहिता येईना. तीन दिवस खोलीत बसून त्यांनी जे लिहिलं ते मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, मी वाईट शिक्षक नाही. एवढंच. बाकी सगळं नोकऱ्यांची यादी होती.

"सर, तुम्ही चांगले आहात असं लिहा ना," मी म्हणाले.

"ते तुम्ही ठरवायचं."

मग आम्ही ठरवलं. आठ जणांनी आठ पत्रं लिहिली. राणेंनी लिहिलं की ॲलस्डरसर आम्हाला देवासारखे आहेत, अत्यंत महान, नेहमी वेळेवर येणारे. शनिवारी आम्ही ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लाल पेन काढलं.

अर्ज बुधवारपर्यंत पोचायचा होता, आणि हा माणूस एकेका ओळीवर थांबत होता. देवासारखे गेलं. अत्यंत गेलं. महान गेलं.

"नेहमी वेळेवर? मार्चमध्ये मी दोनदा उशिरा आलो होतो. खोडतो."

"अहो सर, राहू द्या की!" राणे अक्षरशः ओरडले. "इथे कोण तपासायला बसलंय?"

"मी."

"तुम्हाला राहायचंय की नाही?"

"राहायचंय," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पण जो राहील तो मी असायला हवा ना."

सगळ्यांची पत्रं अर्ध्याने कमी झाली. माझं पत्र शेवटी आलं. मी बालवाडीतली बाई, मी त्यांच्याकडून शिकले होते; विशेषणं फारशी नव्हतीच. मी घराशेजारच्या गिरणीसारखं लिहिलं होतं, जे घडतं ते. की सर आमच्या मागच्या खोलीत राहतात. आम्ही त्यांच्याकडून भाडं घेत नाही. ते रोज दुपारी माझ्या मुलीला शिकवतात आणि शनिवारी आम्हा सर्वांना. आम्ही त्यांना जेवण देतो, आणि आमच्या परंपरेप्रमाणे गुरूला देतात तशी भेट आम्ही त्यांना दिली. मला वाटलं होतं की हे वाचून कोणाचंही मन भरून येईल.

सरांनी ते वाचलं. पेन त्या ओळींवर आलं आणि थांबलं. मला वाटलं, चूक सापडली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पाठवा."

*

अर्ज गेल्यानंतरच्या सात आठवड्यांत माझी परीक्षा झाली. लिहिण्यात सात मिळाले. सरांनी कोपऱ्यावरच्या डेअरीतून आइस्क्रीमचा मोठा डबा आणला. आम्ही टेबलाशी बसून तो खाल्ला, आणि पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला की चौघांचे चमचे थांबत होते.

एका गुरुवारी सकाळी फोन आला. सर स्वयंपाकघरात होते. हेमंत घरून काम करत होते, मी ओट्याशी. पलीकडच्या बाईचा "किया ओरा", इथला माओरी नमस्कार, मला ऐकू आला, मोकळा, गोड आवाज. पुढचं फक्त सरांच्या बाजूचं ऐकू येत होतं.

"होय, मीच."

"होय, तिथेच राहतो."

"नाही. भाडं देत नाही."

हेमंतनी मान वर केली. त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी एक पाकीट ओढलं, मागे मोठ्या अक्षरात लिहिलं की मित्र आहे, पाहुणा आहे एवढंच म्हणा, आणि ते सरांच्या हाताखाली सरकवलं.

सरांनी ते वाचलं. पाकीट उलटं केलं.

"होय, शिकवतो," ते फोनवर म्हणाले. "रोज. शनिवारी जास्त वेळ. होय, आधी राहायला आलो, मग शिकवायला लागलो. नाही, असं ठरलेलं नव्हतं. पण तुम्ही म्हणता तसं म्हणता येईल, होय."

फोन ठेवून ते म्हणाले, "फार नम्र बाई आहे." आणि मागच्या खोलीत गेले.

हेमंत माझ्याकडे बघत होते. "तू पत्रात काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते पाकीट उचलून दुमडलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नकार दोन आठवड्यांनी आला. पाहुण्याच्या परवान्यावर असताना, राहणं आणि जेवण यांच्या मोबदल्यात काम केल्याचं अर्जदाराच्या स्वतःच्या कागदांवरून दिसतं, असं त्यात होतं. महिन्याच्या आत देश सोडावा.

मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत जायचं धाडस होईना. सर खुर्चीत होते, हीटर चालू होता.

"सर, माझ्या पत्रामुळे झालं."

"होय," ते म्हणाले. मी रडायला लागले. ते उठले नाहीत, थोपटलं नाही, त्यांना ते जमत नसे. म्हणाले, "मी ते वाचलं होतं, विसरू नका. काय होणार ते मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग खोडलं का नाही?"

"खोटं होतं ते सगळं मी खोडलं होतं. हे खरं होतं." मग भुवया उंचावून त्यांनी नकाराचं पत्र पुढे धरलं. "आणि बघा तरी. तुमचं लिहिणं त्या बाईला पहिल्या वाचनात स्पष्ट कळलं. मी तर आठ गुण दिले असते."

मी हसले नाही. त्यांनाही ते अपेक्षित नसावं. खोडून टाकलं असतं तर बिघडलं काय असतं, यावरून मी त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले आहे. ते कधी माघार घेत नाहीत.

*

निरोपसमारंभ नको असं त्यांनी बजावलं होतं. विमानतळावर आम्ही तिघं आणि राणे एवढेच होतो. एकच बॅग होती. राणे या वेळी पाया पडायला वाकले तेव्हा सर जागचे हलले नाहीत. इराने त्यांना मिठी मारली आणि विचारलं, "परत कधी येणार?"

"मला बोलावलं की."

"मी बोलावतेय ना."

"तुझा शिक्का चालायला अजून थोडी वर्षं आहेत," ते म्हणाले.

काचेपलीकडे तपासणीची रांग दिसत होती. सर पट्टा काढून, बूट हातात घेऊन उभे होते, एका मोज्याला अंगठ्याशी भोक. त्यांच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, बहुधा पंजाबी. कर्मचारी त्यांना काहीतरी सांगत होता आणि ते दोघं माना डोलवत होते. सरांनी वाकून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बूट खाली ठेवले आणि हातवारे करून, ट्रे उचलून दाखवत, ते त्यांना समजावू लागले. मागची रांग खोळंबली. कोणीतरी त्यांना पुढे चला अशी खूण केली, तरी ते तिथेच होते. आमच्याकडे त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना वेळ नव्हता.

स्कॉटलंडमध्ये त्यांना एक बहीण होती, मोठी. तिच्याशी आपलं फक्त हवामानावर जमतं, असं ते म्हणत. तिच्याच घरी ते राहिले. मला अधूनमधून पत्रं येत, छोटी, विशेषणांशिवाय. २०१९ मध्ये पत्र आलं त्यावर अक्षर वेगळं होतं. दोन ओळी होत्या. फेब्रुवारीत छातीत संसर्ग झाला आणि ॲलस्डर गेला. तुमचा पत्ता त्याच्या वहीत होता.

आम्ही तिघं आता या देशाचे नागरिक आहोत. मी अवोन्डेलच्या एका बालवाडीत शिकवते. त्यांच्या बहिणीला मी दोन-तीन महिन्यांनी पत्र लिहिते, आणि ती मला तिथल्या पावसाबद्दल लिहून पाठवते. तिचा भाऊ परत का आला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.